पासंग

केसपेपरवरची चौथी ओळ ही कुंदा बेळेकरची सगळ्यात लाडकी ओळ होती. पहिल्या तिनांत नाव, वय, गाव. ते काय, रेशनकार्डावरही असतं. चौथीत लिहायचं असे 'माहिती देणारी व्यक्ती', पुढे 'रुग्णाशी नातं', आणि त्याच्यापुढे एक चिमुकला रकाना, 'विश्वासार्ह आहे काय?' ती शिकत असताना तिच्या सरांनी बजावलं होतं, "पोरी, आपल्या कामात रुग्ण एक सांगतो, सासू दुसरंच सांगते आणि नवरा काही सांगतच नाही. आधी ठरव, विश्वास कुणावर टाकायचा. ती ओळ चुकली की खालचा सगळा कागद चुकला." कुंदाने त्याची खूणगाठ बांधली आणि बत्तीस वर्षांत ती ओळ कधी रिकामी सोडली नाही. बाकीचं रुग्णालय टॅबवर गेलं, वाडीवस्तीवर औषधं ड्रोनने उतरू लागली, तरी चौदा नंबरच्या खोलीत मॅडम आपल्या कागदावरच लिहीत बसत.

चौदा नंबर म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग, आणि कुंदा तिथली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ती रुजू झाली तेव्हा गावात भांडण जुंपलं की लोक एकमेकांना म्हणत, "जास्त बोललास तर चौदा नंबरात नेऊन बसवीन." माणसं तोंडाला टॉवेल गुंडाळून येत. आठवड्यातून एकदा उगवणारे मानसोपचारतज्ज्ञ, घरघरणारा एक पंखा आणि रोजची सत्तर माणसं, असा सगळा संसार होता. एकाला सात मिनिटं मिळत. तेवढ्यात समोरचा जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायच्या विचारात आहे की नाही ते ओळखायचं, आणि चुकलं तर दोन दिवसांनी पेपरात वाचायचं. पहिल्या वीस वर्षांत कुंदाने अशा इतक्या बातम्या वाचल्या की सकाळच्या चहाबरोबर पेपर उघडणं तिने बंदच केलं.

मग नऊ वर्षांपूर्वी डबी आली.

सरकारी नाव 'स्वरमापक', पण साबणाच्या डबीएवढ्या त्या पांढऱ्या यंत्राला शिपायापासून सिव्हिल सर्जनपर्यंत सगळे डबीच म्हणत. माणूस बोलतो तेव्हा घशातले स्वरतंतू सेकंदाला शे-दोनशे वेळा थरथरतात, आणि मन बिघडलं की ती थरथर बदलते. आवाजाची वरखाली फिरायची हौस जाते, तो सपाट होतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यातली फट किंचित वाढते. 'आ' म्हणताना तोंड पुरतं उघडत नाही, श्वास वाक्याच्या मधेच संपतो. हे फरक इतके बारीक की कानाला लागत नाहीत. डबी मात्र मिनिटभरात असे नव्वद फरक मोजायची आणि दिवा लावायची. हिरवा म्हणजे घरी जा, गरज वाटली तर या. पिवळा म्हणजे पंधरा दिवसांनी या. लाल म्हणजे आजच्या आज डॉक्टर, आणि पुढचे नव्वद दिवस रोज घरी फोन.

खोटं कशाला बोलायचं, डबीने काम चोख केलं. चार वर्षांत जिल्ह्यातल्या आत्महत्या एक तृतीयांशाने उतरल्या. डबी शिकली होती ती चौदा नंबरातल्याच ध्वनिमुद्रणांवर, त्यामुळे कुंदाचंही नाव झालं, शाल-श्रीफळ झालं. निवृत्तीला तीन महिने उरले असताना डबी राज्यभर लावायची फाइल तिच्या टेबलावर आली. 'प्रमाणित करण्यात येते की' याच्याखाली तिची सही हवी होती. बुधवारी सकाळी तिने पेनाचं टोपण काढलं, आणि दारात छबूताई उभ्या राहिल्या.

छबूताई पोवार माळेवाडीच्या आशा सेविका. गावातली बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या त्यांच्याकडे. आणि त्यावर कुणी न सांगता घेतलेलं एक जास्तीचं काम म्हणजे मन बिघडलेल्या माणसाला चौदा नंबरात आणून सोडणं. चोवीस वर्षं दर बुधवारी त्या पहिल्या एसटीने येत. रुग्णाला खुर्चीत बसवत, स्वतः बाजूच्या स्टुलावर बसत आणि विचारलं की घडाघडा सांगत: जेवण किती, झोप किती, घरात कोण बोलतं, कोण टोचतं. त्यांच्यासारखी माहिती कुंदाला नात्यातल्या माणसांनीही कधी दिली नव्हती. त्या छोट्या रकान्यात 'होय' लिहिताना छबूताईंच्या बाबतीत तिचं पेन कधी थांबलं नव्हतं.

"या छबूताई. आज कुणाला आणलंत?" कुंदाने सवयीने त्यांच्या पाठीमागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"कुणाला न्हाई. सुरेखा गेली म्याडम. चौगुल्यांची. सोमवारी."

कुंदाने टोपण परत लावलं. सुरेखा चौगुले, वय एकोणचाळीस. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करत होती. महिन्याभरात दोनदा येऊन गेली होती.

"दोन बारी आणली हुती तिला," छबूताई म्हणाल्या. "दोन्ही बारी हिरवा लागला. तुमच्या डबीत कायतरी खोट हाय म्याडम. बाकीच्यांस्नी वळकत आसंल, पर आमच्या बायास्नी न्हाई वळकत. ह्ये बगा." त्यांनी पिशवीतून आपली जाड वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. पाच नावं होती. पाचवं सुरेखाचं.

"छबूताई, शंभरातल्या चारांच्या बाबतीत यंत्र चुकणार, हे आम्ही आधीच लिहून दिलंय. माणूस तर तिसांच्या बाबतीत चुकत होता." बोलता बोलता कुंदाला जाणवलं की आपण समितीपुढे बोलतो तसं बोलतोय.

"व्हय. तुमी म्हनताय म्हंजे आसंल." छबूताईंनी वही मिटली, पण पिशवीत टाकली नाही. टेबलावर ठेवली. "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे. माज्या जागी नवी पोरगी यील, तिला द्या. समदं लिवलंय, कोन गोळी घेतंय, कुनाच्या घरात कुनाशी बोलायचं."

"का हो? तुमची तर अजून दोन वर्षं आहेत."

"आसू द्या की. दिली म्हंजे हलकं वाटंल मला."

कुंदाने वही ड्रॉवरमध्ये ठेवली. "तुम्ही आहात म्हणून आमचं चालतंय हो," ती म्हणाली. हे वाक्य ती दर बुधवारी म्हणे. छबूताई हसल्या, पदर सारखा केला आणि निघून गेल्या. कुंदाने सही मात्र केली नाही. ती पाच नावं डोक्यातून हलेनात. दुपारी तिने पुण्याला इरफानला फोन लावला.

इरफान मुजावर याच गावचा. त्याच्या अब्बांचं बाजारपेठेत तराजूदुरुस्तीचं दुकान होतं. नऊ वर्षांपूर्वी डबी घेऊन पहिल्यांदा आला तेव्हा तो पोरसवदा इंजिनिअर होता. आता कानावरचे केस पांढरे झाले होते आणि राज्याचा सगळा प्रकल्प त्याच्याकडे होता. शुक्रवारी तो लॅपटॉप घेऊन चौदा नंबरात हजर झाला.

हिरवा दिवा लागूनही जी माणसं नंतर गेली, त्यांची नऊ वर्षांची यादी दोघांनी काढली. एक्केचाळीस नावं निघाली. त्यात सात पुरुष, त्यांच्यात काही सूत्र सापडेना. उरलेल्या चौतीस बायका, सगळ्या पस्तीस ते साठ या वयातल्या. कुंदाने त्यांचे केसपेपर कपाटातून काढून टेबलावर मांडले. एक लकवा झालेल्या नवऱ्याचं करणारी. एक वसतिगृहातली स्वयंपाकीण. एक मतिमंद भावाला सांभाळत अविवाहित राहिलेली. एक बालवाडीची बाई. अशाच सगळ्या, दुसऱ्याचं करत आलेल्या. आणि प्रत्येकीच्या कागदावर कुंदाचंच अक्षर: 'प्रश्नांना चटकन उत्तरं देते. रडत नाही. आवाज शांत, एकसारखा.'

"एकसारखा," इरफानने त्या शब्दावर बोट ठेवलं. "मॅडम, या चालीचा आवाज यंत्राला निरोगी वाटतोय. पासंग बघायला पाहिजे."

हा शब्द त्याचाच. सपाट आवाज म्हणजे आजार, हे खरं. पण सपाट कशाच्या मानाने? प्रत्येक मुलखाची बोलण्याची चाल वेगळी, बाईची वेगळी, वयाची वेगळी. सुरुवातीला त्याने कुंदाला समजावलं होतं, "मॅडम, तराजूची दोन पारडी कधीच अगदी सारखी नसतात. हलक्या पारड्याला अब्बा एक लहानसं वजन बांधतात, रिकामा तराजू सरळ उभा राहीपर्यंत. तो पासंग. मला तुमच्या जिल्ह्याचा पासंग द्या. धडधाकट माणसांचे आवाज. तो बांधला की दुःख किती जड आहे ते यंत्र सांगेल."

आता त्याने पस्तीस ते साठ वयाच्या बायकांचा पासंग उघडला. तीस जणींचे आवाज होते. नर्सिंग कॉलेजच्या शिक्षिका, कचेरीतल्या कारकून बायका, प्रत्येकीची दहा-दहा मिनिटं, आणि माईकसमोर त्या भाषणाला उभ्या राहिल्यासारख्या ताठ बोललेल्या. फक्त एकीची सहाशे चाळीस मिनिटं होती.

"नमुना सात," इरफान म्हणाला. "हिने एकटीनेच सगळं पारडं ओढलंय. कोण आहे ही?" आणि त्याने बटण दाबलं.

"...दोन दिस झालं, पोटात अन्न न्हाई म्याडम तिच्या. इच्चारलं तर म्हनती, माजं काय, माजं चाललंय..."

पहिल्या शब्दालाच कुंदाने ओळखलं. छबूताई.

तिला तो दिवस लख्ख आठवला. आवाज गोळा करायचे होते, मुदत संपत आली होती, आणि निरोगी बायका म्हणून कोण चौदा नंबरात येऊन दोन घटका मोकळं बोलणार? मग तिला सुचलं की मोकळं बोलणारी एक बाई दर बुधवारी याच खोलीत, याच माईकसमोर बसलेली असते. दोन वर्षांची मुद्रणं तयारच आहेत. तिने छबूताईंना विचारलं होतं, "तुमचा आवाज वापरला तर चालेल ना हो?" छबूताई म्हणाल्या होत्या, "वापरा की. आवाजाला काय झीज लागतीया?" 

आणि नियम होता, की आवाज देणाऱ्या प्रत्येकाला आधी वीस प्रश्न विचारायचे. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का. कुंदाने बाकीच्या एकोणतीस जणींना ते समोर बसवून विचारले. छबूताईंचा फॉर्म तिने जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता स्वतःच भरला. त्यांना काय विचारायचं, दर बुधवारी बघतेच आहे की मी, असं म्हणून तिने वीसच्या वीस रकान्यांत 'नाही' लिहिलं.

"इरफान," ती म्हणाली, "हा आवाज काढ. दुसरा पासंग बांध आणि हिलाच तोलून बघ."

शेजारच्या तीन जिल्ह्यांत नंतर गोळा झालेले आवाज त्याच्याकडे होते. ते बांधायला त्याला दीड तास लागला. खोलीत बोललेलं सगळंच डबी साठवून ठेवत असे, सोबतीच्या माणसाचं बोलणंही वेगळं काढून ठेवत असे, त्यामुळे डबीआधीची दोन वर्षं आणि डबीची नऊ, असे छबूताईंचे अकरा वर्षांचे बुधवार त्याच्यापुढे रांगेत उभे होते. त्याने एकेक तोलायला घेतला. लाल. लाल. लाल. पडद्यावर लाल ठिपक्यांची ओळ सरकत राहिली.

"यातला एकही हिरवा नाही मॅडम," तो हळूच म्हणाला. "पासंगच जड होता. मग यंत्राला तेवढंच वजन असलेल्या सगळ्या हलक्या वाटल्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. चौतीस कागद टेबलावर पसरले होते आणि त्या चौतीस जणींना कुंदाने हिरवा दिवा दाखवून, पाठीवर हात ठेवून, "घाबरू नका, बरं आहे तुमचं," असं सांगून घरी पाठवलं होतं. सुरेखा तर दाराशी वळून "खरंच बरं हाय न्हवं?" असं विचारून गेली होती.

पाण्याची बाटली घ्यायला तिने ड्रॉवर उघडला तर हाताला वही लागली.

दर वर्षी आशा सेविकांच्या प्रशिक्षणात ती एक धडा शिकवायची. माणूस आपल्या जपून ठेवलेल्या वस्तू देऊ लागला, आपलं काम दुसऱ्याच्या ओटीत टाकू लागला आणि एकाएकी 'हलकं वाटतंय' म्हणाला, तर त्याला एकटं सोडायचं नाही. छबूताई पहिल्या रांगेत बसून ते लिहून घ्यायच्या. आणि परवा त्यांनी चोवीस वर्षांची वही तिच्या टेबलावर ठेवली, हलकं वाटेल म्हणाल्या, आणि मॅडमनी ती ड्रॉवरमध्ये टाकून दर बुधवारचंच वाक्य म्हटलं. दुसऱ्या कुणी ठेवली असती तर कुंदाने दार अडवलं असतं.

तिने फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. "गाडी आणलीयस ना?" तिने इरफानला विचारलं. "चल."

माळेवाडी बेचाळीस किलोमीटर. घाटाच्या तोंडाशी ट्रकांची रांग लागली होती. कुंदा फोन लावत होती आणि मधेमधे बोलत होती, गप्प बसवत नव्हतं म्हणून.

"फाइलवर मी सही करणार नाही. पत्र लिहिणार आहे. वीस प्रश्नांचा तो फॉर्म मी न विचारता भरला, हे पहिल्याच ओळीत."

"मॅडम, डबी बंद पडली तर लाल येणारेही सुटतील," इरफान म्हणाला. "आठवड्याला दोन-तीन माणसं वाचतात तिने."

"बंद नको करू. लाल लागला तर तो लालच धर. पण बाईमाणसाला हिरवा लागला तर त्याच्यावर विसंबायचं नाही, कुणीतरी समोर बसून विचारायचं. आणि आजवरच्या सगळ्या हिरव्यांना परत बोलवायचं. एकेकीला."

"तीन हजारांवर आहेत."

"मग तीन हजार."

पुढे त्या पत्राचा बराच गाजावाजा झाला. ज्यांनी शाल दिली त्यांनीच चौकशी लावली, आणि कुंदाचा निरोपसमारंभ झाला नाही तो नाहीच. पण ते नंतरचं. त्या वेळी तिला फक्त एवढंच हवं होतं की समोरचा ट्रक हलावा.

छबूताईंच्या दाराला कडी होती. कुंदाने ती उगाचच दोनदा वाजवली. शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावली. "छबू न्हवं? अंगणवाडीकडं गेली की. आज वजनाचा वार."

अंगणवाडीच्या ओसरीवर तुळईला वजनकाटा टांगला होता आणि छबूताई झोळीत एका बाळाला ठेवत होत्या. सातआठ महिन्यांचं पोर पाय झाडत होतं. कुंदा पायरीवर थांबली. धाप लागली होती, आणि डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं की भीतीचं तिचं तिलाच कळेना.

"म्याडम? हिकडं कशा वाट चुकला?"

"छबूताई, उद्या चौदा नंबरात या."

"येते की. कुणाला आणू?"

"कुणाला नको. तुम्ही या."

कुंदाला वाटलं होतं, त्या हसतील, 'माजं काय म्याडम' म्हणतील. छबूताई हसल्या नाहीत. बाळाच्या पाठीवरचा हात तसाच राहिला. मग त्यांनी बाळाला अलगद उचलून आईकडे दिलं, वजन मांडून ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्या नगं. आत्ताच येते. उद्या माज्याच्यानं यायचं व्हायचं न्हाई."

चौदा नंबरात पोचायला साडेपाच झाले. बाकांवर कुणी नव्हतं. इरफान बाहेर थांबला. कुंदाने डबीची वायर काढून ती कपाटात ठेवली. छबूताई सवयीने बाजूच्या स्टुलाकडे गेल्या. कुंदाने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. खुर्चीच्या कडेवर त्या अवघडून टेकल्या.

"मीच आहे ना इथं," कुंदा म्हणाली. "सांगा."

मग छबूताई म्हणाल्या, "पारूबाईला घेऊन पयल्यांदा आले हुते, आठवतंय?"

"आठवतंय ना. त्यांच्या अंगात यायचं."

"पारूबाई माज्यासोबत आलती म्याडम. पेशंट मी हुते."

कुंदाने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"एसटीत दमली म्हातारी. आत आली ती धपकन खुर्चीतच बसली. मी हुबी. तुमी इच्चारलंसा, नाव काय, आन तिचंच लिवायला लागलासा. तिलाबी थोडं हुतंच की, कुणाला नसतं? मग मला इच्चारलंसा, हिला कवापास्नं आसं हुतंय? मी सांगितलं. तुमी म्हनालासा, किती चांगलं सांगता हो तुमी. मंग माजी छातीच झाली न्हाई."

त्या सांगत राहिल्या. तोच चटकन, एकसारखा, कुठेही न अडखळणारा आवाज. कुंदा तो चोवीस वर्षं ऐकत आली होती आणि त्याला तिने समजूतदारपणा म्हटलं होतं. दोन मुलगे तिला माहीत होते. त्यांच्यामागून एक मुलगी होती, हे माहीत नव्हतं. चौदा नंबरात पहिल्यांदा येण्याआधीचा, पोलिओच्या डोसाचा एक रविवार होता. पोरीला सकाळपासून ताप होता. सासूच्या हवाली करून छबूताई गेल्या, कारण दोनशे घरं नेमून दिलेली होती. संध्याकाळी परत आल्या तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

"दुसऱ्याच्या पोरास्नी डोस पाजत हुते म्याडम. आठ म्हैन्यांची माजी पोर घरात." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग एकेकाला आणत ऱ्हायले. दर बारीला वाटायचं, ह्यांचं झालं की माजं सांगावं. तुमी शेवटाला म्हनायचा, तुमी हाय म्हनून चाललंय आमचं. मंग कसं सांगायचं? ताकाला आले आन भांडं लपवलं. चोवीस वर्सं. परवा सुरेखा गेली, तवा वाटलं, आता बास."

रुग्णासमोर आपण रडायचं नाही, हा कुंदाच्या धंद्याचा पहिला नियम. तो तिने बत्तीस वर्षं पाळला होता. आता तिला हुंदका आवरेना. चौतीस जणी, आणि ही एक, जी दर बुधवारी सात मिनिटं तिच्यापासून हातभर अंतरावर बसून दुसऱ्याचं दुःख सांगत होती. छबूताईंनी टेबलावरचा पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"प्या म्याडम," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "बगा. हितंबी मीच पाणी देतीया."

कुंदा पाणी प्यायली. तिने डोळे पुसले. "पोरीचं नाव काय होतं?"

"शालू," छबूताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चिरकला, वर चढला, फुटला. हे नाव त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसावं.

त्या रडत होत्या तोवर कुंदा थांबली. मग तिने नवा केसपेपर घेतला. नाव: छबूताई पोवार. वय: सत्तावन्न... नाही, त्यांना विचारून तिने अठ्ठावन्न केलं. गाव: माळेवाडी.

चौथ्या ओळीवर छबूताई म्हणाल्या, "सोबत कुणी न्हाई माज्या."

"आहे," कुंदा म्हणाली. माहिती देणारी व्यक्ती: कुंदा बेळेकर. रुग्णाशी नातं: इथे ती बराच वेळ अडली, आणि तिने 'चोवीस वर्षांची ओळख' असं लिहिलं. विश्वासार्ह आहे काय? त्या चिमुकल्या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं, पेन खाली ठेवलं, आणि म्हणाली, "आता तुम्ही सांगा छबूताई. पहिल्यापासून."